मसुदा क्रमांक चार

रात्री साडेअकराला वाइस साहेबांचा फोन:
निवेदन सकाळी सहाच्या आत हवं.
फ्रेंचमध्ये, अरबीत, आणि रेडिओसाठी आपल्या सोमालीत.
अफारचं हुमद बघेल.
चार ओळी. पाचवी नको.
पाचवी ओळ मोठ्या देशांना परवडते, म्हणाले,
जिबूतीनं चारात मावावं.

मंत्रालयाचा एसी पुन्हा बंद.
खिडकी उघडली की खमसीनची वाळू कीबोर्डात,
मिटली की आपलाच वास.
मी उघडीच ठेवते.

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं:
सामुद्रधुनीपलीकडच्या युद्धात
बाहेरच्यांनी उतरण्याला आमचा विरोध आहे.
"विरोध"वर लाल रेघ आली.
दुसऱ्यात "तीव्र चिंता". त्यातलं "तीव्र" गेलं.
तिसऱ्यात चिंता एकटीच उभी राहिली
लग्नघरी न बोलावता आलेल्या बाईसारखी,
तेव्हा कुणीतरी तिच्या शेजारी
"सर्व संबंधित पक्ष" आणून बसवले.

ते तीन शब्द टाइप करताना
डोक्यावरून विमान गेलं.
चहावर वर्तुळं उठली.
वर कुणी बघत नाही आता.
आवाजावरूनच कळतं कुठल्या तळाचं,
जसं आईला स्वयंपाकघरात भांडं पडलं
की न उठता कळायचं, कुठलं ते.

उगाच साळसूदपणा नको.
माझा पगार त्या तळांच्या भाड्यातूनच निघतो.
रोब्ले मामा तिथे पहाटे चारपासून कांदे चिरतो,
त्याच्या मुलीचा चष्मा त्या कांद्यांचा.
वाइस साहेब एकदा दुपारी,
गालात खातचा गोळा, डोळे अर्धे मिटलेले, म्हणाले होते,
ज्याच्याकडे फक्त मीठ आणि धक्का आहे ना शुक्री,
त्यानं सगळ्यांनाच भाडेकरू ठेवावं,
म्हणजे मालक कुणी होत नाही.
मला पटलं होतं.
अजूनही, बरंचसं.

पण आत्या ओबोकला राहते.
तिच्याकडे गेल्या महिन्यापासून नजीबा आहे,
मोखाहून होडीनं आलेली, दोन मुलं, एक शिवणयंत्राचं चाक.
यंत्र समुद्रात गेलं, चाक का धरून ठेवलं
ते तिलाही सांगता येत नाही.
तिनं आत्याला एकच गोष्ट विचारली:
ते विमान कुणाचं होतं?
आत्या म्हणाली, मला काय ठाऊक, मी मासे वाळवते.
तुमच्याच आभाळातून आलं ना पण, नजीबा म्हणाली,
आणि मासे उलटायला लागली, दुसऱ्या बाजूनं.

साडेतीन.
फ्रेंच झालं. फ्रेंचमध्ये हा शब्द
नखं कापून, हात धुऊन येतो.
अरबीही झालं.
सोमालीत आले आणि अडले.
आमच्याकडे त्याला फरागेलिन म्हणतात.
फरा म्हणजे बोटं. गेलिन, आत घालणं.
दुसऱ्याच्या ताटात, दुसऱ्याच्या जखमेत,
कुठे ते भाषा सांगत नाही.
सौम्य पर्याय शोधला.
आजोबांचा जुना शब्दकोश काढला, वाळवी लागलेला.
नव्हता.
मग लिहून टाकलं.

सकाळी सातला रेडिओनं वाचलं ते,
बाल्बालाच्या चहाच्या टपऱ्यांवर, बंदरात, क्रेनच्या केबिनींत:
आमच्या शेजारात कुणी बोटं घालू नयेत असं आम्हाला वाटतं.
फ्रेंचमध्ये हेच वाक्य
आम्ही घडामोडींकडे लक्ष ठेवून आहोत, असं होतं.

सव्वासातला फोन.
शुक्री, सोमालीत ते जरा कडक नाही झालं?
साहेब, आपल्याकडे तेवढाच शब्द आहे.
पलीकडे बराच वेळ नुसता त्यांच्या पंख्याचा आवाज.
एका दूतावासाकडून विचारणा आलीय, म्हणाले,
आणि मग, थोडं थांबून,
अफारमध्ये काय म्हणतात?

अफारचं बातमीपत्र आठला.
हुमद समोरच्या टेबलावर
डोकं हातावर ठेवून झोपलेला,
दहाही बोटांना शाई,
कागद कोरा.