शेपटीवाला आकडा

सिंदेवाहीच्या सेतू केंद्रात माझा नंबर सतरावा.
पिशवीत उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड,
बाबाच्या नावात एक काना जास्त पडला
त्याचं प्रतिज्ञापत्र.
शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडलं दुपारी दोनला.
मोबाईल नंबर मायचा,
आणि माय मिरची तोडायला तेलंगणात.

'मेसेज आला का?'
'आला वाटते. थांब, हात पुसतो पदराला,
डोये जळून राहिले.'

नोटा ती रंगावरून ओळखते. आकडे नाही.
'पयला इळा हाय. मंग अंडा.
मंग उलटी खुर्ची. मंग काडी.
मंग शेपटीवाला.'
शेपटी वर का खाली?
'वर मंजे कोनाकडे, बाई?'

दहा मिनिटं संपली.
मागचा पोरगा मुद्दाम खोकला.
गोवर्धनदादा म्हणाला, पुन्हा पाठवतो.
नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, शिकवलंय आम्हाला.
मी माझीच धरली. एकशे बारा.

'काडी. काडी. इळा.
दोन अंडे एकावर एक.
काडी. अंडा.'

'आले पैसे?'
'नाही माय, अर्ज गेला फक्त.'
'कुठं गेला?'
स्क्रीनवर होतं : तपासणीसाठी प्रलंबित.
मला सांगता आलं नाही.

होस्टेलची फी अजून बाकीच आहे.
परवा वॉर्डात एक म्हातारी
गोळ्यांचं पाकीट पुढं करून म्हणाली,
वाचता नाही येत, पोरी.
मी म्हटलं, वाचू नको.
कसं दिसते, ते सांग.