चौकटीची वही

फेब्रुवारी. व्हेंटा नदी अजून पांढरी, टणक.
बटाट्याच्या सालींचा ढीग बाजूला सारून
मी टेबलावर बाग मांडते आहे.

उंच झाडं उत्तरेला, कॉसमॉस, सूर्यफूल;
पुढे ठेवली तर उन्ह अडवून बसतात
घरातल्या थोरल्यांसारखी.
पुढे झिनिया. जितकी कापावी तितकी फुटते,
निर्लज्ज, गुणी पोर.
स्वीट पीला चढायला आर्विड्सचं मासे धरायचं जुनं जाळं.
मागितलंन तर परत द्यायचं.
मागणार नाही.

नुसत्या फुलांचा गुच्छ होत नाही,
हे कळायला मला चार उन्हाळे लागले.
सगळेच चेहरे, सगळेच पुढे,
वऱ्हाडाच्या फोटोसारखं दिसतं.
म्हणून एक अख्खा वाफा हिरव्याचा:
शेपू जून होऊ द्यायचा, छत्र्या धरेपर्यंत,
ओट मात्र कोवळे असतानाच कापायचे,
आणि ते बारीक पांढरं काहीतरी
ज्याचं नाव गिऱ्हाईक कधी विचारत नाही
पण नसलं की गुच्छ बोडका.

डेझी लावत नाही. कुरणात फुकट आहेत.

तारखा पेन्सिलीने.
एक सप्टेंबरला शाळा उघडते,
कुल्दीगातलं प्रत्येक पोर बाईंसाठी फुलं नेतं,
म्हणून ग्लॅडिओलसचे कंद तीन खेपांत,
दहा-दहा दिवसांनी;
एखादी तरी नेमकी साधेल.
पहिलीतली पोरं दांड्यांमागे दिसतसुद्धा नाहीत,
फुलंच चालत जातात रस्त्याने.

आमच्याकडे गुच्छ विषम.
तीन, पाच, सात. नऊ म्हणजे चैन.
सम आकडा फक्त कबरीला.
शनिवारच्या बाजाराची माझी सगळी गणितं
विषमातच चालतात.

काल आर्विड्स आला. कोट न काढता बसला.
वहीत डोकावून म्हणाला,
पिओनी नाही लावत? कुंपणाशी लाव,
मला खिडकीतून दिसेल.
पिओनी लावायची सप्टेंबरात,
कापण्याजोगी व्हायला तीन वर्षं.
हे त्यालाही ठाऊक. त्यानेच मला शिकवलं.
लावते, म्हटलं.
मग चहा ढवळत, साखर नसताना,
म्हणाला, डॉक्टरीणबाई ऑक्टोबर म्हणतात.

ऑक्टोबरात माझ्याकडे फक्त डेलिया असतात,
पहिलं कडक दहिवर पडेतो.

तो गेल्यावर कुंपणाजवळचा चौकोन
शाईने भरला: पिओनी.
डेलियाच्या ओळीत एक झाड वाढवलं. सोळा.
खोडरबर शोधून पुसलं. पंधरा.
पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.
तिथे कागद आता इतका झिजलाय
की खालच्या पानावरचा मार्च दिसतो.