सतरा मैल पुढे

गाडी आठ मिनिटं थांबणार, असं तारेत होतं.
थांबली सहा.
त्यातली दीड वाफेतच गेली.

आमच्या गावात माणसं चारशे बारा,
त्या सकाळी फलाटावर सहाशे तरी असतील;
वरची कुठून आली, कुणी विचारलं नाही.
धान्यकोठाराच्या टॉफ्टेंनी लग्नातला कोट घातलेला,
बटणं लागेनात म्हणून हात सारखा पोटावर.
मिस ब्रेक्कंनी आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं,
आणि ट्यूबावाल्या लेलंडचे ओठ
थंडीनं पितळेला चिकटू नयेत म्हणून
त्यांना चरबी चोळली, सगळ्यांदेखत.

शेवटच्या डब्याच्या कठड्याशी तो आला.
पोस्टरातल्यापेक्षा बुटका. नाक लाल.
"लिंडेनच्या माझ्या बंधुभगिनींनो,"
लिंडेन म्हणजे मागचं स्टेशन.
टॉफ्टेंनी घाईघाईनं टाळ्या सुरू केल्या,
मग सगळ्यांनीच वाजवल्या;
पाहुण्याच्या हातून पेला फुटल्यावर
आपणच असू दे, असू दे म्हणतो, तशा.

तो गव्हाच्या भावावर बोलला,
कोरियात गेलेल्या पोरांवर बोलला.
निम्मं वाऱ्यानं नेलं.
नॉर्थ डकोटाचा वारा कुठल्याच पक्षाचा नाही.

तेवढ्यात आई पुढे घुसली.
माझी आई,
जी चर्चमध्येसुद्धा खांबाआड बसायची.
हातात रानचेरीच्या मुरंब्याची बरणी,
वर मेण ओतून बंद केलेली.
तो वाकला. दोन्ही हातांनी घेतली.
नाव काय तुमचं?
रॅग्ना क्वाले.
"रॅग्ना क्वाले," तो म्हणाला,
गावाचं नाव चुकलेला माणूस,
आईचं नाव अगदी बरोबर.

रात्री भांडी घासताना
ती ते त्याच्या आवाजात म्हणून बघत होती.

बाबा रुळांच्या टोळीचे मुकादम.
शनिवारी ट्रॉलीवर मला सोबत घेतलं.
सतरा मैलांवर, तारेच्या खांबापाशी,
सुकल्या गवतात बरणी.
फुटलेली नाही. तडासुद्धा नाही.
"पडली असेल," बाबा म्हणाले.
"वळण आहे ना इथे."

त्या रुळांना बत्तीस मैलांत एक वळण नाही.
त्यातले निम्मे त्यांनीच टाकलेले.

बरणी हत्यारांच्या पेटीत गेली, खिळ्यांखाली.
मी काही बोललो नाही.
बोलायचं नाही, असं तेही म्हणाले नाहीत.

नोव्हेंबरात आई हॅट घालून मत द्यायला गेली.
तो पडला. आमच्या गावातही पडला,
एकोणसाठ मतं.
बाबा जन्मभर दुसऱ्या पक्षाचे;
त्या वर्षी कुणाला दिलं, विचारलं की
पाईप साफ करायला घ्यायचे.

ते गेल्यावर पेटी मी उघडली.
पाना, खिळे, गंजलेली पट्टी.
तळाशी आईच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटलेली बरणी,
धुऊन, पुसून, पालथी ठेवलेली.
आणि तिच्याखाली
आमच्या घरातला, बावन्न सालापासून
हरवलेला चमचा.