पाच वर्षांची रांग

ओमाहात मार्च म्हणजे अजून काचेवरचा बर्फ खरवडणं.
वीजबिलाच्या पाकिटामागे मी हिशेब मांडला:
पंचाऐंशी डॉलर, पाच वर्षं.
वर्षाला सतरा.
दर दोन महिन्यांनी टूसॉनची खेप,
जाता-येता मिळून बारा रांगा,
रांगेमागे दीड डॉलरसुद्धा नाही.

बदल्यात
बूट पायातच, पट्टा कमरेलाच,
आणि काचेच्या कपाटात
हात वर करून उभं राहा, असं सहसा कुणी म्हणणार नाही.

"भर की," इर्मा वोंद्राचेक म्हणाली,
कोलाचीचा ट्रे ओट्यावर ठेवत.
"तुझे गुडघे कुरकुरतात ते मला खालच्या मजल्यावर ऐकू येतं."

गणित बरोबरच होतं.
अडत होतं ते पाचापाशी.

लाइल, माझा धाकटा भाऊ,
आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडलेला असतो.
त्याची डॉक्टरीण वर्षांत बोलत नाही.
"उन्हाळा जाऊ दे, मग बघू," म्हणते.
आणि या फॉर्मवर
उन्हाळ्यापुरता असा पर्याय नाही.
तो नसेल तर त्या वाळवंटात माझं काय काम?
तो नसेल तर मी विमानात बसेन कशाला?

पैसे भरावेत तर त्याच्या वतीने
मीच शब्द दिल्यासारखं.
न भरावेत तर मी मनातल्या मनात त्याला

पाकीट उलटं केलं.
बिल भरायला अजून नऊ दिवस होते.

खरं सांगायचं तर रांगेवर माझा राग नाही.
जाताना तिथे मी चेहरा तयार करते.
चाळीस माणसं पुढे असतात,
तेवढ्यात जमतो.
येताना टूसॉनच्या रांगेत
मागच्या बाईला म्हणते, तुम्ही व्हा पुढे.
एकदा तिघांना पुढे जाऊ दिलं.

फॉर्मने विचारलं: याआधीची सगळी नावं.
व्हर्ना हॅल्व्हर्सन.
व्हर्ना मीक्स, सू सिटी, अकरा महिने.
ते नाव आता मी आणि लाइल सोडून कुणाला माहीत नाही.
रात्री दोनला पिकअप घेऊन आला होता तो,
दार वाजवलं नाही, नुसता हॉर्न.
मी शिवणयंत्र उचललं आणि गाडीत बसले.
वाटेत त्याने काहीच विचारलं नाही,
फक्त एकदा, भूक लागली का.
मग व्हर्ना प्रोकॉप, तीस वर्षं, सुखाची बहुतेक.

शेवटी त्यालाच फोन लावला.
गोल गोल बोलत राहिले, हवा, इर्मा, गुडघे.
"व्हर्न, किती वर्षांचं आहे ते?"
पाच.
पलीकडे यंत्राची घरघर.
"परत देतात का पैसे, मध्येच कुणी टपकलं तर?"
नाही देत.
"मग घेच," म्हणाला, "मला फुकट गेलेलं बघवत नाही."
आणि इतका हसला की
नर्स येऊन काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं.

ऑफिस एका लांबट दुकानांच्या ओळीत,
कुत्र्यांचे केस कापणारा आणि कर भरून देणारा
यांच्या मधोमध.
टेबलामागचा मुलगा न्यूअर, नावाची पट्टी: गाटलुआक.
माझं बोट त्याने काचेवर अलगद टेकवलं.
यंत्राला काही दिसेना.
दुसरं बोट. तिसरं.
"काय काम करायचात?"
बेकरी. चाळीस वर्षं गरम ट्रे.
"माझी आईही मांस कापायच्या कारखान्यात," तो म्हणाला,
"तिचेही उमटत नाहीत."
ड्रॉवरमधून लोशन काढलं.
"लावा. थोडं थांबू. घाई नाही."

आम्ही थांबलो.
भिंतीपलीकडे एक कुत्रा
आपल्याला काय करताहेत ते न समजून ओरडत होता.
सातव्यांदा अंगठा उमटला,
पुसट, कडेला भाजल्याचा डाग.

घरी येताना दुकानात शिरले
आणि नाडीचे बूट घेतले,
घोट्याच्या वरपर्यंत, आठ-आठ भोकांचे,
काढायला फार वेळ लागतो असे.