पाठीचं माप

लीड्समध्ये हेअरहिल्सच्या चढावर जी घरं आहेत
त्यांना म्हणतात बॅक-टु-बॅक.
पाठीला पाठ लावून उभी, विटांची, धुरकटलेली.
मागचं दार नाही. परसू हा शब्द
दारातूनच परत जाईल.
त्यातल्या एका घरी मी रोज सात-दहाला पोचते,
आयव्ही बूथरॉइडची पाठ पुसायला.

वय एक्याण्णव. कमरेच्या जरा वर
रुपयाएवढं लाल.
ते वाढलं का बघायचं
आणि वहीत लिहायचं: बॅक, फरक नाही.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली,
तुझ्या ऑफिसवाल्यांनी माझी बॅक अप केलीय.
मी घाईनं उशी सरकवली.
ती हसली, पार खोकला येईपर्यंत.
अगं, राग आलाय मला. पाठ कसली उचलतेस!

तेव्हापासून शिकवणी.
कोमट पाणी, फडकं, आणि तो एक शब्द.
बॅक ऑफ म्हणजे सर मागे.
बॅक डाउन म्हणजे माघार, जी तिनं कधी घेतली नाही.
बॅक अप म्हणजे कधी कुमक, कधी तुंबलेलं सिंक
(तुंबलंच होतं; चहापत्ती मीच उपसली).
आणि नुसतं बॅक म्हणजे परत.
मुलगा पर्थहून फोनवर म्हणाला होता,
ख्रिसमसला बॅक.
कुठल्या, ते बोलला नाही.

आमच्याकडेही आहे पाठ, मी म्हटलं.
थोपटतात, राखतात, सुरा खुपसतात.
तो आमच्याकडेही, ती म्हणाली,
सुऱ्याला कुठे भाषा लागते.
पण पाढे पाठ होतात हे तिला पटेना.
पाठीवर लिहून देतात की काय?
धपाटे तिथंच बसायचे, मी म्हटलं, म्हणजे तसंच.
तिच्याकडे पाणी वाया जातं बदकाच्या पाठीवरून,
आमच्याकडे पालथ्या घड्यावरून.
ती आपली गल्ली ओळखते पंजाच्या पाठीसारखी.
मी पंजा उलटा केला:
आम्ही या बाजूनं ओळखतो.

आणि पाठचा भाऊ?
माझ्या पाठीवर झाला, इचलकरंजीत, विश्राम.
तुझ्या पाठीवर? तुझ्या आईनं जमवलं कसं?
तिला हसू आवरेना, मलाही.
मग मी फडकं पिळत राहिले.
आण्णा गेले तेव्हा माझा पासपोर्ट
व्हिसाच्या कुठल्याशा खणात पडून होता.
अक्का, तू पाठ फिरवलीस, तो म्हणाला.
तीन वर्षं झाली. त्यानंतर फोन नाही.
ह्याचं इंग्रजी मी केलं नाही.

ती चौतीस वर्षं कोटांच्या कारखान्यात.
खिसे, कॉलर, काजं दुसऱ्या बायका करायच्या.
माझ्याकडे पाठ, ती म्हणते, फक्त पाठ.
बसस्टॉपवर मागून बघून सांगायची,
हा आमचा, हा नाही.
नवरा गेला सोडून, तोही
तिनं शिवलेल्या पाठीचाच कोट घालून.
ती खिडकीशी उभी होती.
शिवण सरळ होती, म्हणाली. एवढंच.

जानेवारीतली गोष्ट. बाहेर अजून दिवे.
मी कोट चढवला, सातचाळीसची बस धरायची होती.
थांब, विजी. (वैजयंती तिच्या तोंडात मावत नाही.)
वळ जरा. पाठ कर माझ्याकडे.
नको, मी म्हटलं. आमच्यात —
वळ गं.

मी दाराकडे तोंड करून उभी राहिले.
मागून पलंगाची कुरकुर, चष्म्याच्या डबीची टकटक.
डाव्या खांद्यापाशी ओढलाय, म्हणाली,
पिशवी त्याच खांद्यावर घेतेस ना कायम?
उद्या सुई आण. काळा दोरा आहे माझ्याकडे.

बस गेली, तिचा आवाज चढावर ऐकू आला.
मी लगेच वळले नाही.
कुणीतरी माझी पाठ बघत होतं
आणि रागावलेलं नव्हतं.