वरचा आकडा, खालचा आकडा

फ्रिजवर दोन तक्ते आहेत.
एक स्वान्सीच्या उपसागरातल्या भरती-ओहोटीचा,
मुकुंदने गळ विकणाऱ्या दुकानातून आणलेला.
दुसरा माझा.
समुद्राला कुणी विचारत नाही, काल लोणचं खाल्लंस का.

कानात गुणगुण होते म्हणून स्कॅन काढला
आणि भलतंच सापडलं: चार मिलिमीटर,
डोळ्यामागे, रक्तवाहिनीला फाटा फुटतो तिथे,
मसुराएवढा फुगवटा.
हात लावायचा नाही, डॉक्टर प्रिचर्ड म्हणाले, नजर ठेवायची.
वरचा आकडा एकशे तीसच्या खाली. बाकी मजेत जगा.
हे त्यांनी चष्मा पुसत म्हटलं.

तेव्हापासून सकाळी सातला
पाय जमिनीला टेकून, हात टेबलावर,
पाच मिनिटं गप्प. मग बटण.
पट्टा दंड आवळत जातो,
लहानपणी कासारीण पंजा दाबून बांगडी चढवायची तसा:
सोस गं जरा, झालंच.

मुकुंद आता भांडत नाही.
चौतीस वर्षं शब्दाला शब्द लावणारा माणूस
दारं हलक्या हाताने ओढतो,
क्रिकेट आवाज बंद करून बघतो,
मी वळण चुकवलं तर म्हणतो, बरं झालं, समुद्र दिसला.
घर इतकं शांत की कानातलं सगळं ऐकू येतं.
एकशे अडतीस.
एकशे एकेचाळीस.

काल मीच उकरून काढलं.
गुलाबी पिशवीत काच कुणी टाकली?
राहू दे, तो म्हणाला.
नाही राहू देणार.
आणि तो उखडला, अगदी पूर्वीसारखा,
न्यूपोर्टला असतानाची व्हॅन काढली,
जी माझ्या भावाने ठोकली आणि आजवर कबूल केली नाही.
मी रडले. मग मलाच हसू फुटलं.
तो पांढराफटक पडून यंत्र घेऊन धावला,
पट्टा उलटा बांधला, सोडला, पुन्हा बांधला.
पाच मिनिटं दोघंही गप्प.

एकशे बावीस.
बिघडलंय, तो म्हणाला. परत घेऊ.
एकशे चोवीस.

गोळी वाढवून दहा दिवस झालेत,
श्रेय तिचंच असेल, मी नाही म्हणत नाही.
तरी वहीत शेऱ्याच्या रकान्यात
मी लिहिलं: व्हॅन.

बाहेर पूर्ण ओहोटी होती,
मम्बल्सपर्यंत उघडा चिखल,
होड्या कुशीवर लवंडलेल्या.
मुकुंद अजून पुटपुटत होता
काच वेगळी करत.