पिशवीसकट पाचशे

छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढली,
कोऱ्या तावांवर डोळे ताणत.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कड तिरकी
दिसली की बाजूला.
संध्याकाळी गेटवर अंगझडती,
मग रिकामे खिसे घेऊन जेलरोडने घरी.
एवढ्या पैशाला हात लावून
एवढा कोरडा राहिलेला माणूस
नाशिकरोडला मी काही एकटा नव्हे.

आता शनिवारी बिटको चौकामागच्या गाळ्यात
'शेजार'ची पाकिटं भरतो.
तूरडाळ एक किलो, साखर अर्धा, चहापत्ती,
तेलाची पिशवी, साबणाच्या दोन वड्या.
मार्था साळवे बाईंनी पहिल्याच दिवशी
काटा माझ्यापुढे सरकवला,
"भामरे, तुम्ही प्रेसवाले. साखर तुमच्याकडे."
मला ते आवडलं.
पाचशे म्हणजे पाचशे, तेही पिशवीसकट.
जरा जास्त पडली की चमच्याने परत पोत्यात.
कॉलेजची सायमा हसायची,
"काका, पिशवी चार ग्रॅमची असते हो!"
चार ग्रॅम गुणिले एकशे दहा घरं,
म्हणजे जवळजवळ आणखी एका घराची साखर.
मी तिला पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं.
तिने मान हलवली,
माझी मुलगी पुण्याहून फोनवर "हो बाबा" म्हणते तशी.

मग एका शनिवारी टेम्पोवाला आलाच नाही.
माझ्या स्कूटरवर सहा पाकिटं, आणि फॉर्मची फाइल,
वालदेवीच्या काठाने, पुलाखालून डावीकडे,
जिथे मोबाइलमधली बाईसुद्धा रस्ता सांगायची थांबते.
जानेवारीची थंडी, हँडलवर बोटं लाकडाची.

शेवटचं घर ललिता गांगुर्डेचं.
नवऱ्याची तीन बोटं अंबडच्या कंपनीत राहिली,
उजव्या हाताची.
फॉर्मवर रकाना होता : कमावणारे किती?
मी शून्य लिहायला लागलो.
"अर्धा लिहा," ती म्हणाली,
"दोन घरची धुणी आहेत माझी."
रकान्यात अर्धा बसत नव्हता.
मी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

तोवर तिने चहा ठेवला होता.
आत्ताच आणलेल्या पाकिटातली साखर,
कोपरा दाताने फाडून
सरळ पातेल्यात.
चमचा नाही, माप नाही.
सवयीने डोळ्यांनी तोलली मी :
चाळीस ग्रॅम. नाही, पन्नास.
माणसं तीन.

मला साखर बंद आहे, अकरा वर्षं झाली.
हे मी बोललो नाही.
तो समोर बसून डाव्या हाताने कप धरत होता,
अजून सवय नसल्यासारखा,
बशीत थोडा सांडला, तोही प्यायला.
चहा इतका गोड की दाढ ठणकली.
"नीट झाला ना?" तिने विचारलं,
"आलेल्या माणसाला फिका देऊ नये."

परतताना फॉर्म डिकीत होता,
रकाना तसाच.

पुढच्या शनिवारी काट्यावर पाचशे आले,
पिशवीसकट.
चमचा पोत्याकडे निघालेला हात
मधेच वळला.
पाचशे वीस.
पुढची पिशवी, पाचशे वीस.
ही काही दानत नव्हे,
तोल गेला म्हणा हवं तर.
छत्तीस वर्षांत माझ्या हातून
एक तिरकी नोट सुटली नव्हती,
त्या दिवशी एकशे दहा सुटल्या.
सायमाने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
काही म्हणाली नाही.

महिनाअखेरीला मार्थाबाई रजिस्टर घेऊन आल्या,
चष्मा कपाळावर.
"भामरे, साखर दोन किलो दोनशे कमी पडतेय.
तुमच्या हाती असून?"

"पिशवीचं वजन धरायचं राहिलं, बाई."

मागे सायमा
पाकिटांना गाठी मारत राहिली,
जरा जास्तच घट्ट.